मारुती ८०० चं मॅनिफोल्ड पॅकिंग : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी मामांची. मारुती ८००, १९९७ ची, कार्बोरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारं साधन). इंजिन एफ-८-बी : तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, मिळून ७९६ सीसी. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, जोडलेला आणि जळका वायू सायलेन्सरकडे नेणारा फाट्यांचा पाइप) बिडाचा.

तक्रारी दोन आहेत आणि मामा त्या एकाच दमात सांगतात. "सकाळी चालू केली की कोंबडीनं पत्रा टोचल्यागत आवाज येतोय. तापली की गप्प. आणि सिग्नलला उभी राहत न्हाई, चोक जरा ओढून धरावा लागतोय."

आतापर्यंत झालेले उपचार : टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) सेटिंग, कार्बोरेटर उघडून नवं किट, नवे प्लग. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटलं, मग परत तेच. माझा संशय दोन्ही मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आहे, एक्झॉस्टच्या आणि इनलेटच्याही (कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल सिलिंडरांकडे नेणारा तो इनलेट). तक्रारी एकत्र आल्या म्हणून त्यांचं कारण एकच असेल असं नाही. एक्झॉस्टचं पॅकिंग गेलं की आतला गरम वायू बाहेर फुंकला जातो, आणि इनलेटचं गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते. दोन्हीकडे त्याच हेडला लावलेला पातळ तुकडा असतो, पण त्याचं काम अगदी उलटं. तपासणीही वेगवेगळी करायची.

१० नोव्हेंबर, रविवार

रात्रभर उभी होती. सकाळी साडेसहाला थंड इंजिनावर चालू केली. टकटक लगेच. बोनेट उघडून पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा एका कानाला लावला आणि दुसरं टोक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी आवाज फटकन मोठा झाला. नळी वापरताना तोंड फॅन-बेल्टपासून लांब ठेवायचं, आणि नळीऐवजी लोखंडी सळई लावायची नाही. सळईतून टॅपेटचाही आवाज येतो आणि मग सगळंच सारखं ऐकू येतं.

टॅपेट की पॅकिंग हे ठरवायची साधी युक्ती : संशय असलेल्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढून ती इंजिनाला अर्थ करायची. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही, वायूचा दाब पडतो, पॅकिंगचा आवाज मवाळ होतो. टॅपेटला त्याचं सोयरसुतक नसतं, तो वाजतच राहतो. तिसरी वायर काढली तर टकटक जवळपास गेली. पहिली काढली तर तशीच राहिली.

आवाजाचा वेगही जुळतो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मिनिटाला नऊशे फेरे धरले तर चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला साडेचारशे वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सात-आठ ठोके. तिन्ही ठिकाणी गळती असती तर ठोके मोजता आले नसते, नुसती घरघर आली असती.

पक्कं करायला इंजिन गार झाल्यावर घरातल्या व्हॅक्यूम क्लिनरचा पाइप फुंकायच्या बाजूला लावून चिंधी गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात बसवला आणि जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. तिसऱ्या पोर्टच्या (हेडमधलं त्या सिलिंडरच्या वायूचं तोंड) खालच्या कडेला बुडबुडे आले. तिथंच हेडवर काजळीची काळी जिभळी दिसते. (व्हॅक्यूम क्लिनर मामींचा. त्यांना पाइपाचं तोंड पुसून परत दिलं आहे.)

मामा म्हणाले, "आवाजच हाय न्हवं, चालू दे की." चालू देता येत नाही. पोर्टमधून फुंकणारा वायू बोनेटखाली साठतो, तिथून केबिनमध्ये यायला वाटा पुष्कळ असतात, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. घाटात काचा बंद करून पोरंबाळं बसवायची गाडी आहे ही. शिवाय ती फुंक एकाच जागी हेडचं अ‍ॅल्युमिनियम खात राहते. आज पॅकिंगवर भागतंय, उद्या हेड उतरवावं लागेल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

इनलेटची बाजू. तिन्ही प्लग काढले. एक आणि दोन नंबरचे फिकट विटकरी, तीन नंबरचा पांढुरका. त्या सिलिंडरला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त मिळते आहे. कार्बोरेटरचा दोष असता तर तिन्ही प्लग एकसारखे पांढरे पडले असते, कारण तो तिघांना मिळून एकच आहे. एकटाच पांढरा असेल तर हवा कार्बोरेटरच्या पुढे, त्या सिलिंडरच्या वाटेवर कुठेतरी शिरते आहे. कार्बोरेटरचं किट बदलून फरक का पडला नाही त्याचं उत्तर इथं मिळालं.

आतली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डच्या नळीवर लावलं. आयडलिंगला १३ इंच पारा, काटा थरथरतोय. पुस्तकात १७ ते २१ असा आकडा असतो, पण तो समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. कोल्हापूर ५७० मीटरच्या आसपास, म्हणजे दोन इंच कमी धरायचे. इथं हवेचा दाबच ३० ऐवजी २८ इंच असतो. म्हणजे आपल्याकडे १५ ते १९ दिसलं तरी इंजिन ठणठणीत. तीन सिलिंडरच्या इंजिनात ओढी विरळ असल्यामुळे काटा थोडा हलणारच, त्यावरून घाबरायचं नाही. पण १३ कमीच.

मग कार्बोरेटर क्लिनरचा फवारा. चालू इंजिनावर जोडाच्या कडेनं अगदी थोडा थोडा. तिसऱ्या पोर्टपाशी मारला की फेरे चढतात आणि थरथर थांबते, दुसरीकडे काही नाही. हा फवारा पेट घेतो. इथं एक्झॉस्ट हेडच्या पलीकडच्या अंगाला आहे म्हणून करायला धजावलो, तेही इंजिन नीट तापायच्या आत आणि विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवून. ज्या इंजिनात इनलेट-एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात तिथं करू नये.

चोक ओढल्यावर बरं का वाटतं? ढोबळ हिशोब मांडला. आयडलिंगला हे इंजिन मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर हवा घेत असेल. पॅकिंगमध्ये एक चौरस मिलिमीटरची फट असली आणि आतला दाब बाहेरच्या निम्म्याच्या आसपास असला, तर तिथून मिनिटाला आठेक लिटर हवा शिरते. एकूण हवेत हे फार नाही, पण त्यातली बरीचशी एकाच सिलिंडरच्या वाट्याला जाते. त्याचा वाटा चाळीस लिटरचा. चाळिसात आठ जादा म्हणजे हवेचं पेट्रोलशी १४.७ ला १ असं हवं ते प्रमाण साडेसतराच्या घरात जातं आणि मिसिंग, म्हणजे ठोका चुकणं, सुरू होतं. चोक ओढला की सगळ्यांनाच पेट्रोल जास्त मिळतं, त्यात तिसऱ्याचं भागतं, बाकीचे दोघे उगाच जास्त पितात. हायवेला इंजिन याच्या कितीतरी पट हवा घेतं, आतली ओढही कमी असते, तेव्हा तेच आठ लिटर कुठल्या कुठे हरवतात. म्हणून "पळायला लागली की एकदम भारी" हे मामांचं म्हणणं खरं आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सुटे भाग आणले. एक्झॉस्टचं गॅस्केट (पॅकिंगच) : मध्ये छिद्रांचा पोलादी पत्रा, दोन्ही अंगांना ग्रॅफाइट. इनलेटचं : दाबलेल्या तंतूंचा करडा तुकडा, नायट्रिल रबराचा बांधा, ॲस्बेस्टॉसविरहित. सोबत नवे स्टड (हेडमध्ये रोवायचे बिनडोक्याचे बोल्ट), नट, थर्मोस्टॅटचं पॅकिंग, कूलंट. गॅस्केटांचे पैसे मजुरीच्या मानानं नगण्य, म्हणून दुकानात सगळ्यात स्वस्त तुकडा मागायची जी पद्धत आहे ती मला कळत नाही.

दुकानात एकानं सुचवलं की गॅस्केट पेपर घ्या, मॅनिफोल्डवर ठेवा, हातोडीच्या गोल तोंडानं कडेनं ठोकत कापून काढा. इनलेटला, अडीनडीला, चालतं. पाण्याच्या पंपाला तर आपण कायम तेच करतो. एक्झॉस्टला नाही. तिथं वायू सहाशे-सातशे अंशांनी येतो, कागद पहिल्याच फेरीत कोळसा होईल. जुन्या मिस्त्रींकडे ॲस्बेस्टॉसची शीट असायची, ती या उष्णतेला टिकायची, पण खरवडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. जुन्या गाडीवर मूळचं गॅस्केट काढताना त्याची शंका असेल तर ओलं करूनच खरवडायचं आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही.

१६ ते १९ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी एक्झॉस्टच्या नटांना गंज सोडवायचं तेल. नट हलवले नाहीत. एकदा इंजिन कोमट करून मग तेल मारलं. गार होताना आट्यांत तेल ओढलं जातं.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आलो आणि कामाला लागलो.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. कूलंट सोडलं. हे विसरून चालत नाही, कारण या इंजिनात इनलेट मॅनिफोल्डमधून कूलंट फिरतं. कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल थंड भिंतीला चिकटून राहू नये, त्याची वाफ व्हावी म्हणून ही सोय. पण त्यामुळे इनलेटचं पॅकिंग एकाच वेळी हवाही अडवतं आणि पाणीही. पाण्याच्या वाटेनं ते फुटलं तर कूलंट थेट पोर्टमध्ये जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून हेड उतरवतात. आपल्याकडे पाण्याची पातळी कमी होत नव्हती, तेव्हा ती बाजू अजून शाबूत असणार.

एअर फिल्टरचा डबा, रेसची केबल, चोकची केबल, पेट्रोलच्या नळ्या. प्रत्येक व्हॅक्यूम नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाकला आणि मोबाइलवर फोटो. कार्बोरेटर मॅनिफोल्डवरच ठेवून दोन्ही एकत्र बाहेर काढले. इनलेटचे नट हातासरशी सुटले. त्यातले तिसऱ्या पोर्टजवळचे तर इतके सैल होते की गोटी पान्यानं सुटताना आवाजसुद्धा आला नाही.

एक्झॉस्टचे नट १२ च्या पान्याचे, स्टड एम-८. मधले सुटले. दोन नटांबरोबर स्टडच हेडमधून निघून आले, त्याचं वाईट नाही, तसेही बदलायचे होते. शेवटचा, तिसऱ्या सिलिंडरच्या बाहेरच्या बाजूचा, पाना लावायच्या आधीच मोडलेला निघाला. नट नुसता गंजाच्या आधारानं टेकून बसला होता. हेडच्या पृष्ठभागापासून स्टडचं चारेक मिलिमीटर टोक बाहेर आहे, ही मेहेरबानी.

फुंक कुठून येत होती ते आता सांगायला नको.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मोडका स्टड. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला घरी आणलं. मोडक्या टोकावर एम-८ चा नट ठेवून आतून वेल्ड भरलं. लाल झालेलं पोलाद गार होऊ दिलं, मग पान्यानं आधी थोडं आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या, असं मागंपुढं करत पाव-पाव फेरा. निघाला. वेल्डिंगची उष्णता स्टडमध्येच जास्त राहते, तो फुगून-आकसून गंज तुटतो. वितळलेलं पोलाद अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही ही यातली सोय. बॅटरी सुटलेली होती तरी वेल्डिंगची अर्थ हेडजवळच पकडली.

हे जमलं नसतं तर स्टडच्या मध्यात पंच मारून, उलट्या आट्यांच्या ड्रिलनं भोक पाडायची वेळ आली असती. मूळ भोकाचे आटे गेले असते तर ८.३ मिमी ड्रिल मारून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). ती वेळ आली नाही. एम-८ चा १.२५ पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून आटे साफ केले, नवे स्टड आत पूर्ण बसतात.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पोर्टांमध्ये स्वच्छ फडकी कोंबून साफसफाई. हेडच्या बाजूला प्लॅस्टिकची आणि पितळेची पट्टी, त्यापलीकडे काही नाही. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या सगळीकडे मिळतात आणि दोन मिनिटांत अ‍ॅल्युमिनियम आरशासारखं करतात, पण त्या चकत्यांची भुकटी इंजिनात गेली की बेअरिंगला पॉलिश पेपर लागतो. आणि आरशासारखं दिसणारं सपाट असतंच असं नाही, चकती मऊ जागी जास्त खाते.

मग आजचं खरं काम : सपाटी मोजणं. पोलादी सरळ पट्टी उभी धरून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) सरकवायचं. लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर. मर्यादा ०.१० मिमी.

हेड, दोन्ही बाजू : ०.०५ चं पान कुठंही जात नाही.
इनलेट मॅनिफोल्ड : तिसऱ्या सिलिंडरच्या टोकाला ०.०८. चालेल.
एक्झॉस्ट मॅनिफोल्ड : मध्ये टेकतो, तिसऱ्या टोकाला ०.३० चं पान आरामात सरकतं.

०.३० ची फट नव्या गॅस्केटनं भरून निघत नाही. आवळल्यावर ग्रॅफाइट दबतं, पण ते खरबरीतपणा आणि केसाएवढा उंचसखलपणा झाकण्यापुरतं. जोड घट्ट राहतो तो दोन सपाट पृष्ठभाग आणि स्टडचा ताण यांच्यामुळे. पॅकिंग बदललं, महिन्यात परत गेलं, "आजकालचे पार्टच असले" म्हणून परत बदललं, असं जे ऐकू येतं त्यातल्या बहुतेकांनी ही पट्टी लावून बघितलेलीच नसते. मोजायला दहा मिनिटं लागतात.

टोकच का वाकतं, टोकाचाच स्टड का मोडतो? मॅनिफोल्डची लांबी पाव मीटर धरू. बीड एका अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम २३. एवढ्यावरून वाटेल की हेड जास्त वाढत असणार. पण हेडला पाणी गार ठेवतं, ते सकाळच्या थंडीपासून सत्तरेक अंशच चढतं. मॅनिफोल्ड चारशे अंश चढतो. गुणाकार केला तर हेड ०.४ मिमी वाढतं आणि मॅनिफोल्ड १.१ मिमी. म्हणजे गाडी तापली की बिडाचा मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवरून पाऊण मिलिमीटरच्या आसपास सरकतो आणि गार झाली की परत येतो, रोज. मध्यावर सरकणं नाहीच, सगळं टोकांना. म्हणून मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, आणि म्हणूनच ग्रॅफाइट : ते निसरडं आहे, सरकू देतं. सरकायला वाव मिळाला नाही, गंज धरला किंवा नट वाजवीपेक्षा जास्त पिळला, तर हा सगळा ओढा स्टडच्या मानेवर येतो. सत्तावीस वर्षं रोज दोनदा वाकवल्यावर तार जशी तुटेल तसाच तो तुटतो. तुटला की टोक मोकळं, मोकळं टोक तापून आणखी वाकतं.

सकाळची टकटक तापल्यावर बंद का होते तेही यातच आलं. तापल्यावर फुगून फट मिटते. बंद झाली म्हणजे बरी झाली असं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मॅनिफोल्ड घेऊन शिवाजी उद्यमनगरात. आज निकालाचा दिवस. कारखान्यात यंत्रं चालू, माणसं मोबाइलभोवती. मालक म्हणाले, "भावा, ही फेरी होऊ दे, मग तुझं बघू." कुठली फेरी ते विचारायची गरज नव्हती.

ओतकामाचा वेडावाकडा तुकडा सरफेस ग्रायंडरवर पकडणं हेच कौशल्याचं काम. पाठीमागे कुठेच सपाट जागा नाही. शिकंज्यात जोरानं आवळला तर तो तात्पुरता सरळ होतो, घासून सपाट होतो आणि सोडला की परत वाकतो. इथल्या म्हाताऱ्या फिटरनं तीन ठिकाणी टेकू दिले, पत्र्याचे तुकडे घालून उंची जमवली आणि पकड अगदी हलकी ठेवली. "जास्त दाबायचं न्हाई. दाबलं की खोटं बोलतंय." एकेका फेरीला मिलिमीटरच्या शतांशात काप घेत तिन्ही पोर्टांचा चेहरा पूर्ण उजळेपर्यंत चालवलं. एकूण ०.३५ मिमी गेलं. फ्लँज जाड आहे, एवढ्यानं काही बिघडत नाही.

तिथल्याच सरफेस प्लेटवर निळा रंग लावून ठसा बघितला. तिन्ही पोर्टांभोवती अखंड कडं. पैसे दिले, मालकांनी चहा पाजला, निकालावर दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

बसवणी.

नवे स्टड हेडमध्ये हातानं बसवले, मग दोन नट एकमेकांवर आवळून हलकेच टेकवले. आट्यांवर तांब्याची पेस्ट, अगदी थोडी. पेस्ट लावली की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला (पिळायच्या जोराला) स्टडवर ताण जास्त येतो, म्हणून आकडा थोडा खाली घ्यायचा. सुझुकीच्या या घराण्यातल्या इंजिनांना मॅनिफोल्डचे नट २० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात. पेस्टसह एक्झॉस्टला १८ धरले. मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, आधी ८, मग १३, मग १८. टोकापासून सुरुवात केली तर मधल्या भागात फुगवटा अडकून राहतो.

मामा टॉर्क पाना बघून म्हणाले, "हाताला कळतंय की." हाताला कळतं ते घर्षण, ताण नव्हे. गंजका नट वीसवरच दगड वाटतो आणि तेलकट नट तिसावर सुद्धा गोड फिरतो.

सिलिकॉन कुठेही लावलं नाही. एक्झॉस्टला ते जळून जातं आणि जळताना गॅस्केट सरकवतं. इनलेटला बाहेर आलेलं सिलिकॉन पेट्रोलनं फुगतं, तुटतं आणि तुकडा व्हॉल्व्हकडे जातो. बाजारात मिळतं म्हणून सगळीकडे थापायचं ही सवय आपल्याकडे फार. इनलेटचं गॅस्केट कोरडंच बसवलं, फक्त बसवण्याआधी पाण्याच्या वाटेचं भोक गॅस्केटमधल्या भोकाशी जुळतंय का ते पाहिलं. दोन गॅस्केटं दिसायला सारखी असतात आणि एकात ते भोक नसतं, तेव्हा दुकानातल्या पुड्यावर भरवसा ठेवायचा नाही.

नळ्या नंबरांप्रमाणे. कूलंट भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा जाऊ दिली. बॅटरी सर्वात शेवटी.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे थंड इंजिनावर चालू केली. टकटक नाही. पाचेक मिनिटं मॅनिफोल्डवरून धूर येत राहिला. हाताचं तेल, गंजाचं तेल, सगळं जळतं. मामी घाबरून बाहेर आल्या. सांगून ठेवायला हवं होतं खरं, पण सहा वाजता कोण कुणाला सांगणार.

व्हॅक्यूम १७ इंच, काटा तीन सिलिंडरला शोभेल इतकाच हलतो.

पण फेरे चढलेले आणि एक्झॉस्टला पेट्रोलचा वास. अपेक्षितच होतं. हवा शिरत होती तेव्हा कुणीतरी कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू बाहेर सोडून पेट्रोल वाढवून ठेवलेलं, म्हणजे आजार तसाच ठेवून त्यावर पांघरूण. आता फट बंद झाली आणि जादा पेट्रोल उरलं. इंजिन पूर्ण तापवून मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घेतला, व्हॅक्यूम सर्वात जास्त दिसेल तिथं थांबलो, मग आयडलचा स्क्रू फिरवून फेरे नऊशेवर आणले. पॅकिंगचं काम झाल्यावर हे करायचं राहिलं तर मालक म्हणणार, "पॅकिंग बदललं आणि ॲव्हरेज पडलं."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पीयूसी. या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे. दोन्ही आकडे मर्यादेच्या बरेच आत.

जुन्या पीयूसीच्या कागदाशी तुलना करायचा मोह झाला, पण तो कागद फारसा खरा नाही. एक्झॉस्टचा जोड फुटका असला की दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आतही ओढली जाते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पातळ झालेला वायू यंत्राला मिळतो. कार्बोरेटरच्या गाडीत यानं फक्त आकडा खोटा येतो. ऑक्सिजन सेन्सरच्या गाडीत प्रकरण आणखी वाकडं : सेन्सरच्या आधी फट असेल तर तो जादा हवा बघून मिश्रण पातळ आहे असं समजतो, संगणक पेट्रोल वाढवतो, आणि सेन्सर बदलण्यात पैसे जातात. शेजारच्या स्विफ्टवाल्याला हे सांगितलं तेव्हापासून तो रोज सकाळी बोनेट उघडून कान देतोय.

१ डिसेंबर, रविवार

मामांना घेऊन पन्हाळ्यापर्यंत. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे अर्धा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. चाचणीला उलट हेच बरं, मॅनिफोल्ड चांगला तापला. वर पोचल्यावर गाडी चोक न ओढता आयडलिंगला उभी. मामा काही बोलले नाहीत, झुणका-भाकरीचे पैसे मात्र त्यांनी दिले.

२ डिसेंबर, सोमवार

रात्रभर गार झाल्यावर नटांना पुन्हा टॉर्क पाना. ग्रॅफाइट आणि तंतूचं गॅस्केट पहिल्या काही तापण्या-निवण्यांत थोडं दबतं, त्यामुळे ही फेरी लागते. पोलादी पत्र्यांच्या थरांचं गॅस्केट असतं तर ती लागली नसती. गरम इंजिनावर करायचं नाही, फुगलेल्या धातूवर घेतलेला आकडा गार झाल्यावर खरा राहत नाही.

एक्झॉस्ट : मधले हलले नाहीत. तिसऱ्या टोकाच्या नटानं साधारण एक-अष्टमांश फेरा घेतला. इनलेट : दोन नटांनी किंचित.

साबणाचं पाणी पुन्हा एकदा, व्हॅक्यूम क्लिनर लावून. बुडबुडा नाही. कूलंटची पातळी जिथल्या तिथं.

बाकी : सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाच्या जोडावरची रिंग जुनीच आहे, आज गळत नाही, सुटा भाग आणून ठेवलाय. तिसऱ्या टोकाचा नट पुढच्या ऑइल बदलाला पुन्हा तपासायचा, आणि तेव्हा तीन नंबरचा प्लगही काढून रंग बघायचा.